नोंदी आपल्या, जागा कोणाची?

तालुक्याच्या गावातले एखादे सार्वजनिक ग्रंथालय आपली पुस्तकसूची इंटरनेटवर ठेवायचे ठरवते. सभासदाने घरबसल्या लेखकाचे नाव टाकावे आणि पुस्तक संग्रहात आहे की नाही ते कळावे, एवढीच अपेक्षा. प्रोग्रामिंग कोणालाच येत नसते. मग सल्ला मिळतो: ज्यात कोड लिहावा लागत नाही आणि जे संध्याकाळपर्यंत उभे राहते तेच घ्या. हा सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी चुकीचा आहे. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्यानेच सर्वांत आधी विचारायला हवे, की उद्या इथून बाहेर पडायची वेळ आली तर सोबत काय काय नेता येईल? प्रोग्रामर मोडलेली गोष्ट पुन्हा उभारतो. इतरांचे मात्र अनेक महिन्यांचे श्रम बुडतात.

ही भीती काल्पनिक नाही. 2009 मध्ये आलेले गूगलचे फ्यूजन टेबल्स नेमके अशाच लोकांसाठी होते: तक्ता चढवा, शोध आणि नकाशा तयार. डिसेंबर 2019 मध्ये ते बंद झाले. मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंट ऑनलाइनवरची ॲक्सेस वेब ॲप्स 2018 मध्ये थांबवली. गूगलचे ॲप मेकर जानेवारी 2021 मध्ये गेले. यावर कोणी म्हणेल, की या कंपन्यांनी पुरेशी आधी सूचना दिली होती आणि माहिती उतरवून घेता येत होती. हे खरे आहे. पण उतरवून मिळतात त्या ओळी आणि रकाने. शोधाचे पान, अर्ज, कोणी काय बदलावे याचे नियम हे सारे मागेच राहते. ॲप मेकरवर बांधलेले ॲप तर दुसरीकडे जसेच्या तसे हलवताच येत नव्हते. जे सोपे म्हणून घेतले, नेमके तेच हातून जाते.

म्हणून कामाची सुरुवात प्लॅटफॉर्मपासून करूच नये, तक्त्यापासून करावी. गूगल शीट्समध्ये एका फायलीत 1 कोटी घरे मावतात. वीस हजार पुस्तकांची सूची तिथे आरामात बसते. अडचण जागेची नाही, नोंदींच्या शिस्तीची आहे. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पु. ल.’ असे लिहिले की संगणकाच्या लेखी तीन लेखक होतात. लेखकांचा तक्ता वेगळा ठेवून प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि पुस्तकाच्या ओळीत तो क्रमांकच लिहावा. डेटाबेसचे मर्म एवढेच आहे आणि त्याला कोड लागत नाही. मराठीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली यादी छापायला चालते, शोधायला नाही. तिचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर व्हायला हवे. त्यातही ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. डोळ्यांना ते एकसारखे दिसते, शोधाला नाही. ही साफसफाई कोणताही प्लॅटफॉर्म आपणहून करून देत नाही, आणि ती एकदा झाली की तक्त्याची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपातली, फाइल कुठेही नेता येते.

असा मूळ तक्ता हाती असताना संकेतस्थळासाठी मी वर्डप्रेस सुचवेन. 2003 पासून चालत आलेली ही मुक्त प्रणाली पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते. ती चालवणारे होस्टिंग असंख्य कंपन्या देतात आणि ती जाणणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणीही सापडतो. आक्षेप येतो, की तिची निगा कोण राखणार? निगा लागते, यात शंका नाही. पण 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून सुरक्षिततेच्या किरकोळ दुरुस्त्या आपोआप बसतात, आणि प्लगइन मोजकेच ठेवले तर उरलेले काम महिन्यातून काही तासांचे राहते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुक्त प्रणालीतही माणूस अडकतोच. वर्डप्रेसमध्ये जादा रकान्यांतली माहिती एका सामायिक तक्त्यात सुट्या ओळींनी विखुरलेली असते. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या लोकप्रिय प्लगइनवरून मोठा वाद पेटला आणि वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात त्याची जागा सिक्युअर कस्टम फील्ड्सने घेतली. तो प्रसंग क्लेशकारक होता. तरी परवाना मुक्त असल्यामुळे दोन्ही बाजूंकडे कोड राहिला आणि त्यावर उभी असलेली संकेतस्थळे चालू राहिली. विखुरलेल्या ओळींवरचा उपाय तर आपल्याच हातात आहे: दुरुस्ती नेहमी मूळ तक्त्यात करायची आणि संकेतस्थळावर तोच पुन्हा आयात करायचा.

देवघेवही संगणकावर आणायची असेल तर मात्र वर्डप्रेसला ताणू नये. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासासाठी 1999 मध्ये घडवलेली कोहा ही मुक्त प्रणाली त्यासाठीच आहे. तिला लिनक्स सर्व्हर आणि तो सांभाळणारा जाणकार लागतो. तो मिळेपर्यंत नुसती सूची पुरे. दोन्ही वाटांवर डोमेन संस्थेच्या नावाने नोंदवावे, उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नाही, आणि सीएसव्हीची ताजी प्रत दर महिन्याला कार्यालयातल्या संगणकावर उघडून तिच्यातली मराठी अक्षरे नीट दिसतात का ते पाहावे.