टाकी धुऊ नका, पाणी बदला

घरात मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. पहिला जुना. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, रेती खळखळून धुवायची आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, हा त्याचा कुळाचार. दुसरा पक्ष नवा आणि वाचलेला. झाडं लावली की निसर्ग आपलं बघून घेतो, सायकलिंगचे, म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत जिवाणू मुरवण्याचे, आठवडे फुकट घालवू नका आणि पाण्याला हातही लावू नका, असं तो सांगतो.

जुन्या पक्षाचं म्हणणं वरवर बिनतोड आहे: घाण दिसते, ती काढली की पाणी चांगलं. पण माशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन बहुतांश कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो आणि अमोनियाला रंग नसतो. नायट्राइटलाही नसतो. काचेसारखं नितळ पाणी माशाचा जीव घेऊ शकतं आणि तळाशी तपकिरी गाळ साचलेल्या टाकीत मासे वर्षानुवर्षं अंडी घालतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात, हे विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवलं. घरगुती टाक्यांत दुसरी पायरी प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात हे 1998 मध्ये समजलं आणि दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायरा 2015 मध्ये सापडला. नावं बदलली तरी पत्ता तोच राहिला. ही मंडळी स्पंजवर, रेतीवर, पानांवर चिकटून राहतात. पाण्यात तरंगणारी थोडीच. म्हणजे पाणी बदलल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही, क्लोरीनच्या नळाखाली स्पंज पिळल्याने बिघडतं. जुना पक्ष जिथे हात लावू नये नेमका तिथेच हात लावतो. मग दोन दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकू लागतात, दुकानदार निळं औषध देतो आणि त्यातलं मिथिलीन ब्लू उरलेसुरले जिवाणूही मारतं.

नव्या पक्षाचा मुद्दा जास्त वजनदार आहे. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या पुस्तकात मांडलं की अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. हे मान्यच आहे. पण त्यांची टाकी पहिल्या दिवसापासून जोमाने वाढणाऱ्या झाडांनी गच्च भरलेली आणि मासे बेताचे. आपल्याकडे चार काड्या रोवून वर डझनभर मासे सोडतात आणि नाव वॉलस्टॅडचं घेतात! शिवाय बाजारातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पानं गळून कुजतात. खतावलेल्या मातीच्या गोळ्या अंथरल्या असतील तर त्याही पहिले काही आठवडे अमोनिया सोडतात. अमोनिया शोषतील म्हणून आणलेली झाडं सुरुवातीला तोच वाढवतात.

‘पाणी बदललं आणि मासे मेले’ हा या पक्षाचा हुकमी पुरावा. घटना खरी असते, निदान चुकतं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं; अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्ची पडते. सह्याद्रीतल्या तलावांचं मुंबईचं पाणी मृदू, त्यामुळे ही शिल्लक लवकर संपते. बोअरचं जड पाणी जास्त टिकतं. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत पीएच सहाच्या खाली उतरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साचू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असतो, म्हणून मासे तग धरतात. मग एके रविवारी मालकाला जाग येते, तो अर्धी टाकी उपसून नळाचं पाणी ओततो आणि पीएच झपकन चढतो. पंचवीस अंश तापमानाला पीएच 7 असताना साचलेल्यापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी अमोनिया असतो, 8 ला पाच टक्क्यांच्या वर. मासे मारले ते साचवण्याने. दोष मात्र बादलीवर येतो.

मग करायचं काय? झाडं भरपूर लावा, पण मासे सोडायची घाई करू नका. रोज चिमूटभर खाद्य टाकून चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवा. ओळखीच्या निरोगी, मुरलेल्या टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर उत्तम. तो विरजणासारखं काम करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागलं की थोडेच मासे सोडा. झाडं दाट असतील तर ती नायट्रेटही खातात, तेव्हा त्याचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढून. स्पंज टाकीतून उपसलेल्याच पाण्यात हलका पिळा. जुनी, दुर्लक्षित टाकी ताब्यात आली तर एकदम अर्धी उपसू नका. दर दिवशी दहावा हिस्सा बदला.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर हजारो रुपये घालवणारे लोक टेस्ट किट घ्यायचं म्हटलं की का कचरतात, हे मला कळत नाही. पुढच्या वेळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसले तर दुकानात औषधाला धावण्याआधी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा, एवढी तरी विनंती दोन्ही पक्षांनी मान्य करावी.