मानक आधी की मागणी आधी?

नव्या ऑपरेटिंग सिस्टिमने उदयोन्मुख मानकांना आरंभापासूनच आधार द्यावा काय, हा प्रश्न अभियंत्यांचा आहे. साहित्याच्या लोकांनी त्यात पडू नये, असे आम्हांला वेळोवेळी सुनावले जाते. ‘मानक अजून कच्चे आहे, मागणी येऊ द्या, मग पाहू’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते आम्हांला मान्य नाही, कारण त्याची किंमत मराठीने मोजली आहे.

१९८६ साली इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा समान कळफलक ठरला. आयआयटी कानपूरच्या संशोधनातून निघालेले जिस्ट कार्ड पुढे पुण्याच्या सी-डॅकने सर्वत्र नेले. ते संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ साली इस्की हा संकेत भारतीय मानक झाला आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. म्हणजे कळफलक होता, कार्ड होते, संकेत होता. नव्हता तो ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार. विंडोजचा चित्रमय पडदा आला आणि डॉससाठी घडवलेले कार्ड निरुपयोगी ठरले. विंडोज ९५ व ९८ मध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती आली विंडोज २००० मध्ये. मधली नऊ वर्षे गेली.

ही वर्षे रिकामी गेली नाहीत, हेच दुर्दैव. याच काळात मराठी मजकूर संगणकावर चढला, तो फाँटच्या युक्तीने: रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवायचा. डोळ्यांना मराठी, यंत्राच्या लेखी निरर्थक रोमन अक्षरांची रांग. आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानात तेव्हा टंकित झालेला प्रबंध आज उघडावा, तर फाँटअभावी एक ओळ वाचता येत नाही, एक शब्द शोधता येत नाही.

‘कच्चे मानक घाईने स्वीकारले तर चुका कायमच्या होतात’, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत. दोन्ही रूपे दिसायला सारखी, पण यंत्राला भिन्न. त्यामुळे ‘ॲरिस्टॉटल’ शोधताना निम्मे उल्लेख निसटू शकतात. तरीही ही चूक एका अदलाबदलीने दुरुस्त होते. फाँटमध्ये अडकलेल्या मजकुराला मात्र प्रत्येक फाँटगणिक वेगळा परिवर्तक लागतो आणि वर जोडाक्षरे तपासत बसावे लागते. अपुऱ्या मानकाची चूक दुरुस्त करता येते; मानकच नसताना झालेली हानी भरून काढणे कितीतरी कठीण.

राहिला मागणीचा मुद्दा. २००१ च्या विंडोज एक्सपीतही देवनागरी हवी तर सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ज्याला ही सोय आहे हेच ठाऊक नाही, तो मागणार काय? इंग्रजीला कधी मागणी सिद्ध करावी लागली नाही. मोठ्या भाषांना वाट पाहणे परवडते. आपला मजकूर त्या वाट पाहण्यातच बिघडतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ऑपरेटिंग सिस्टिमने मानक लवकर स्वीकारावे आणि ते घडत असताना भाषेच्या जाणकारांनी तेथे हजर असावे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद वर्गात शिकवणाऱ्यांनी तो यंत्रात नीट उतरला की नाही हेही पाहायला हवे. ते काम दुसऱ्यांवर सोपवून पुढे तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही.