वाघाला नाव, माणसाला विशेषण!

महानगरांतील कलादालनांत गेल्या काही वर्षांपासून एका विशिष्ट प्रकारचे प्रदर्शन नित्याचे झाले आहे. आठ-दहा उदयोन्मुख छायाचित्रकार, त्यांची निवड करणारा एखादा क्युरेटर, पांढऱ्या भिंती, मोजका प्रकाश आणि प्रवेशद्वारापाशी ‘परीघ’, ‘विस्थापन’, ‘अवकाश’, ‘प्रतिरोध’ अशा जड शब्दांनी भरलेले एक निवेदन. दिल्लीत २०११ साली फोटो फेस्टिव्हल सुरू झाला, मुंबईत २०१३ साली ‘फोकस’ महोत्सव आला, चेन्नईत २०१६ साली फोटो बिएनाले भरले. अशा उपक्रमांनी नव्या पिढीच्या छायाचित्रकारांना व्यासपीठ दिले. छायाचित्र ही केवळ लग्नसमारंभाची किंवा वृत्तपत्राच्या रकान्याची सोय नसून ती स्वतंत्र कला आहे, हे सर्वसामान्यांच्या गळी उतरवले. याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. दुमत आहे ते या भिंतींवर टांगल्या जाणाऱ्या माणसांविषयी.

दंडकारण्याचा उंबरठा असलेले चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली हे दोन जिल्हे कॅमेऱ्याला सतत खुणावत आले आहेत. कॅमेरा येथे दोन वाटांनी शिरतो. पहिली वाट ताडोबाची. तेथे वाघ टिपला जातो. दुसरी वाट एटापल्ली-भामरागडची. तेथे दारिद्र्य, भीती आणि वनवासी टिपला जातो. दोन्ही वाटांनी आलेली चित्रे पुढे महानगरातील भिंतींवर जातात. पण त्यांच्याखालच्या पट्ट्या वाचल्या की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ताडोबातील वाघांना नावे आहेत. माया आहे, मटकासुर आहे, छोटी तारा आहे. मे २०२२ मध्ये मरण पावलेल्या ‘वाघडोह’ या नराची तर वृत्तपत्रांनी एखाद्या लोकनायकासारखी आठवण काढली. वाघाची आई कोण, बछडे किती, त्याचा वावर कोणत्या तळ्याच्या आसपास, हे सारे त्या पट्टीवर असते. आणि मोहफुले वेचणारी स्त्री? तिच्याखाली पुष्कळदा एवढेच असते : ‘आदिवासी स्त्री, गडचिरोली.’ वाघाला नाव, माणसाला विशेषण! ज्या कलेला आपण संवेदनशील म्हणवून घ्यायचे आहे, तिने या एका ओळीचा विचार आधी करावयास हवा.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. चंद्रपूर जिल्ह्यात अशा हल्ल्यांत दरवर्षी डझनावारी माणसे जातात. ज्या जंगलातून वाघाची जगभर वाहवा होणारी चित्रे येतात, त्याच जंगलाच्या काठावर सकाळी घराबाहेर पडलेली बाई संध्याकाळी परतेलच याची शाश्वती नसते. व्याघ्रप्रकल्पासाठी नवेगाव, जामणी, बोटेझरी या गावांनी आपली जुनी घरे आणि शेते सोडली. त्यांच्या त्यागाचे ऋण मानायचे, तर निदान चित्रातील माणसाला नाव देण्यापासून प्रारंभ व्हावा. ताडोबा हे नावच मुळी तारू या गोंडांच्या दैवताचे आहे. वाघाशी झुंजताना धारातीर्थी पडलेला गावप्रमुख म्हणून लोकश्रद्धेने तारूला देवत्व दिले, तलावाकाठी त्याचे ठाणे मानले. जेथे वनवासी समाजाने वाघाशी लढणाऱ्या माणसाचे नाव शतकानुशतके जपले, तेथेच आधुनिक कलेने माणसाचे नाव पुसून वाघाचे तेवढे ठेवावे, यापरते दुर्दैव कोणते?

वारसा कोणाचा?

ही खोड आजची नाही. गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली. सत्तावन्नच्या धामधुमीने हादरलेल्या त्याच राजवटीने या देशातील जाती-जमातींची छायाचित्रे जमविण्यास हात घातला आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील बहुसंख्य चित्रांखाली व्यक्तीचे नाव नाही, जमातीचे आहे. सोबत त्या जमातीचा स्वभाव कसा, ती राजनिष्ठ की उपद्रवी, याचा निवाडा आहे. माणूस नव्हे, नमुना. पुढे इंद्रावतीपलीकडील बस्तरवर ग्रिग्सन यांचा ग्रंथ १९३८ साली आला आणि व्हेरियर एल्विन यांचा मुरियांच्या घोटुलावरील ग्रंथ १९४७ साली. या अभ्यासकांचे परिश्रम नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या पानांतून शहरी वाचकाच्या मनात जे चित्र पक्के बसले, ते उघड्या अंगाच्या, काळाबाहेर थांबलेल्या, नाव नसलेल्या माणसाचे. आजच्या समूह-प्रदर्शनातील कृष्णधवल चित्रांची भाषा बदलली आहे, निवेदनात वसाहतवादाचा कडाडून निषेधही असतो. पण चित्राखालची पट्टी मात्र अद्याप त्या आठ खंडांतलीच आहे!

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कॅमेरा परका, म्हणून त्याज्य, असे कोणी म्हणत नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या काळातच तिच्यात सहभागी झालेले छायाचित्रकार होते. मराठी माणसाने हे यंत्र जवळजवळ जन्मापासून हाताळले आहे. प्रश्न यंत्राचा नाही, ते कोणाकडे रोखले जाते आणि कोणाला उत्तरदायी असते, याचा आहे.

कलास्वातंत्र्याची ढाल

असा प्रश्न कोणी विचारला की कलास्वातंत्र्याची ढाल पुढे केली जाते. ‘चित्रातल्या माणसाची परवानगी घेत बसलो, तर अन्याय कधीच उजेडात येणार नाही,’ हा युक्तिवाद ऐकावयास भारदस्त वाटतो. त्यात तथ्यांशही आहे. लाच घेणारा अधिकारी, जंगल ओरबाडणारा ठेकेदार, निरपराधाला मारणारा बंदूकधारी, मग तो कोणत्याही गणवेशातला असो, यांचे चित्र घेण्यास त्यांची अनुमती कोणी मागू नये. परंतु हा युक्तिवाद सत्तावानासाठी आहे. आपल्या अंगणात मुलाला पाजणाऱ्या माडिया मातेने कोणता अपराध केला आहे, की तिला न विचारता तिचे चित्र परक्या शहरात लावले जावे आणि विकलेही जावे? मलबार हिलवरील सदनिकेत शिरून असे चित्र घेण्याची हिंमत कोणता उदयोन्मुख कलावंत करील? जे स्वातंत्र्य केवळ दुबळ्याच्या दारी गाजवता येते, त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

या वृत्तीची परिणती कोठे होते, हे जगाने पाहिले आहे. इटालियन छायाचित्रकार आलेस्सिओ मामो याने २०११ साली उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील गरीब गावकऱ्यांपुढे टेबलावर खोटे अन्न मांडले, त्यांना डोळे झाकून स्वप्नातील पक्वान्न कल्पावयास सांगितले आणि ते दृश्य टिपले. २०१८ साली ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या प्रतिष्ठित संस्थेच्या माध्यमातून ती चित्रे जगापुढे आली, तेव्हा संतापाची लाट उसळली आणि त्याला क्षमा मागावी लागली. त्याआधी २०१७ साली एका भारतीय वंशाच्या उदयोन्मुख छायाचित्रकाराने कोलकात्याच्या वेश्यावस्तीत टिपलेले एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराचे चित्र, तिचा चेहरा न झाकता, एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या जाहिरातीसाठी वापरले गेले. आक्षेपानंतर ते हटवले. पाठोपाठ उघड झाले, की त्याच्या दुसऱ्या एका चित्रातील व्यक्ती मेरी एलन मार्क यांनी १९७८ साली मुंबईच्या फॉकलंड रोडवर टिपलेल्या छायाचित्रातून उचलून चिकटवलेली होती. त्याने तशी कबुलीही दिली. त्या तरुणावर पुरस्कारांचा वर्षाव करणाऱ्या परीक्षकांपैकी कोणाला आधी शंका आली नाही; कारण दुःख जितके गडद तितकी कला थोर, हा हिशेब सर्वांनीच मान्य केला होता.

चौकटीबाहेर राहिलेले

या हिशेबात जे बसत नाही, ते चौकटीबाहेर राहते. दिवाळी सरली की मंडईच्या दिवसांत वडसा-देसाईगंजच्या आसपासची गावे झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांनी रात्रभर जागतात. परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळते. मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून बांबूच्या व्यवहाराचा कारभार ग्रामसभेच्या हाती घेतला. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या हेमलकशात १९७३पासून वनवासींची सेवा चालू आहे, मुले शिकून मोठी झाली आहेत. चंद्रपुरात गोंड राजांच्या किल्ल्याचा परकोट झुडपांत बुडाला होता. तो साफ करण्यासाठी ‘इको-प्रो’च्या तरुणांनी २०१७पासून शेकडो दिवस घाम गाळला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील श्रीराम मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघाले, तेव्हा मिरवणुकीची चित्रे घरोघरी पोहोचली. पण आलापल्लीच्या जंगलात तो साग पिढ्यान्पिढ्या राखणाऱ्या हातांचे चित्र कोणी पाहिले? याबाबतीत दोष एका बाजूचा नाही. सरकारी प्रसिद्धीपत्रकांतही वनवासी दिसतो तो पाहुण्यांच्या स्वागताला रेला नृत्य करतानाच. एकाला तो रडता हवा, दुसऱ्याला नाचता. विचार करणारा, हिशेब मांडणारा, प्रश्न विचारणारा वनवासी कोणालाच नको आहे.

ज्या काळात हे घडते आहे, तो काळही मोलाचा आहे. १९८०च्या सुमारास या भूमीत शिरलेल्या माओवादी हिंसाचाराने लाहेरीत २००९ साली सतरा पोलीस जवानांचा आणि जांभुळखेड्यात १ मे २०१९ रोजी पंधरा जवानांचा व त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. पोलिसांचे खबरे ठरवून मारल्या गेलेल्या वनवासींच्या घरांतील अंधार तर कोणत्याही प्रदर्शनाच्या प्रकाशात आला नाही. आता ते पर्व ओसरत आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. दुसरीकडे सुरजागडच्या पहाडावर लोहखनिजाचे उत्खनन वेगाने चालू आहे, कोनसरीत पोलाद उद्योग उभा राहतो आहे. यातून रोजगार किती, विध्वंस किती, याचा ताळा मांडला जाणारच, आणि तो निर्भीडपणे मांडलाही जावा. अशा संधिकाळात पुढील पन्नास वर्षांसाठी गडचिरोलीचा चेहरा कोणता ठरणार, हे चित्रेच ठरवतील. तो चेहरा रंगविण्याचा मक्ता पंधरा दिवसांच्या मुक्कामास आलेल्या पाहुण्याकडे राहू द्यायचा काय?

उपाय साधा आहे

नव्या कलावंतांनी येथे येऊ नये, असे म्हणणे कोतेपणाचे होईल. यावे, अवश्य यावे. परंतु तीन गोष्टी कराव्यात. चित्रातील व्यक्तीचे नाव, तिच्या संमतीने, पट्टीवर लिहावे. नाव देण्याने तिच्या जिवाला वा अब्रूला धोका असेल, तर चेहराही देऊ नये. ग्रामसभेपुढे जाऊन हेतू सांगावा. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे; मग त्या ओळखीचे चित्र काढणाऱ्याने तिला विचारण्यात कमीपणा कसला? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट : प्रदर्शन प्रथम अहेरीत, एटापल्लीत, मूलमध्ये, आठवडी बाजाराच्या दिवशी लावावे, मुंबई नंतर.

हे अव्यवहार्य नाही. पी. साईनाथ यांच्या राजकीय मतांशी येथील वाचकांचे जमणे कठीण. तरी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावरील आपले छायाचित्र प्रदर्शन त्यांनी कलादालनांच्या बाहेर काढून बसस्थानके, रेल्वेस्थानके आणि कारखान्यांपर्यंत नेले, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. योग्य ते कोणीही केले तरी योग्यच. आपल्याच गावच्या माणसांसमोर जे चित्र उभे राहू शकत नाही, ते सत्य आहे असे छातीठोकपणे कोण सांगेल?

आणि या जिल्ह्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांवरही एक जबाबदारी येते. वसतिगृहांत, एकल शाळांत, आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुला-मुलींच्या हाती आज मोबाईलच्या रूपाने कॅमेरा आलेलाच आहे. कमतरता आहे ती शिकविणाऱ्याची, चित्रे निवडून छापण्याची आणि ती चारचौघांत लावण्याची. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा एक सभागृह, दोन दिवस आणि शंभर चौकटी, एवढी तजवीज अवघड नाही. महानगरातील सुखवस्तू घरांनी दिवाळीत एका मुलाच्या प्रशिक्षणाचा भार उचलला, तरी पुरे. भामरागडच्या मुलीने काढलेले तिच्या आजीचे चित्र मुंबईच्या भिंतीवर लागेल, तेव्हा त्याखाली विशेषण नसेल, आजीचे नाव असेल. ते लिहिण्यासाठी तिला कोणत्याही क्युरेटरला विचारावे लागणार नाही.