पडद्यावरचा श्याम आणि पंढरपूरचे गुरुजी

थोर मनुष्याची मूर्ति करून ती देव्हाऱ्यांत बसविली म्हणजे त्याच्या मागून चालण्याची जबाबदारी आपोआप टळते, ही युक्ति आमच्या समाजास फार दिवसांपासून अवगत आहे. मूर्तीस हार घालावा, तिच्यापुढें हात जोडावे, डोळे पुसावे आणि घरीं जाऊन कालचाच व्यवहार उद्यां पुढें चालवावा. यांत कष्टहि नाहींत आणि खर्चहि नाहीं. साने गुरुजींच्या बाबतींत आम्हां खानदेशकरांनीं हेंच केलें आहे, असा आमचा आरोप आहे. आरोप करणाऱ्यानें पुरावा पुढें मांडला पाहिजे हा न्यायाचा पहिला नियम असल्यामुळें तो येथें क्रमानें मांडतों.

पिंपळनेरच्या पेठेंत उभें राहून कोणासहि विचारावें कीं साने गुरुजी कोण. शाळकरी मुलापासून आडत्यापर्यंत बहुतेकांचें उत्तर एकच येईल: श्याम. आंघोळ झाल्यावर पायांचे तळवे मळूं नयेत म्हणून आईस पदर पसरावयास लावणारा, पोहावयास भिऊन लपून बसणारा, आणि आईच्या अंतकाळीं जवळ नव्हतों म्हणून जन्मभर हळहळणारा मुलगा. ही ओळख पुस्तकानें करून दिली आणि चित्रपटानें पक्की केली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटांत वनमालाबाईंनीं आई व माधव वझे यांनीं श्याम उभा केला, आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिलाच मान १९५४ सालीं या चित्रपटास मिळाला. तेव्हांपासून कित्येक पिढ्या त्या पडद्यापुढें बसून रडल्या. गुरुजींस मात्र तो चित्रपट पाहावयास मिळाला नाहीं. १९५० सालींच त्यांचा अंत झाला होता. म्हणजे जें रूप आज लोकांच्या डोळ्यांपुढें त्यांचें म्हणून उभें राहतें, त्यावर पसंतीची सही त्यांनीं कधीं केली नव्हती.

पुस्तकास किंवा चित्रपटास आम्ही दोष देत नाहीं. दोष आहे तो वाचणाऱ्याच्या व पाहणाऱ्याच्या सोयीस्कर विसराळूपणाचा. पुस्तकाची मांडणी काय आहे तें पाहा. सेवेचें व्रत घेतलेला प्रौढ श्याम एका आश्रमांत आपल्या सोबत्यांस रोज रात्रीं आईची एक एक आठवण सांगतो. गोष्टींतला श्याम लहान आहे, परंतु गोष्ट सांगणारा श्याम कर्तासवरता पुरुष आहे. आणि त्या दोघांच्याहि पाठीमागें बसलेला लेखक तर सरकारचा कैदी होता! नाशिकच्या तुरुंगांत ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं लिहावयास आरंभ करून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत गुरुजींनीं पुस्तकाचा बहुतेक भाग हातावेगळा केला. आई जाऊन तोंपर्यंत पंधरा वर्षें उलटून गेलीं होतीं. आम्हीं काय केलें? लहान श्याम तेवढा ठेवून घेतला; सांगणारा प्रौढ गाळला, लिहिणारा कैदीहि गाळला. अर्धा दस्तऐवज वाचून निकाल द्यावा तशांतलाच हा प्रकार झाला.

तो गाळलेला भाग दूरदेशींचा असता तर विसर क्षम्य होता. पण तो तर आमच्याच खानदेशांत घडलेला आहे. कोंकणांतल्या पालगडचा हा ब्राह्मणपुत्र १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होता. छात्रालयांतल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडणें, आजारी मुलाच्या उशाशीं बसणें, मुलांसाठीं ‘विद्यार्थी’ मासिक चालविणें, हें त्याचें तेथलें नित्यकर्म होतें. १९३० सालीं कायदेभंगाची हांक येतांच त्यानें नोकरी सोडली व तुरुंगाची वाट धरली. आमच्या गांवावरून वाहणारी पांझरा पुढें धुळ्यास जाते. त्या धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, आणि तीं उतरून घेण्याचें काम गुरुजींनीं केलें. ‘गीताप्रवचनें’ हा ग्रंथ त्या लेखणीमुळें आपणांस लाभला. १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन फैजपूरास भरलें, त्यासाठीं ते खेडोपाडीं हिंडले. ६ एप्रिल १९३८ पासून त्यांनीं अमळनेरहून ‘काँग्रेस’ हें साप्ताहिक काढलें आणि शेतकऱ्यांचें व गिरणी-कामगारांचें गाऱ्हाणें त्यांत मांडलें. ‘साधना’ साप्ताहिक त्यांनीं सुरूं केलें तें १५ ऑगस्ट १९४८ रोजीं. हा काय नुसत्या रडव्या, हळव्या मुलाचा जीवनक्रम आहे?

आतां पुराव्यांतला मुख्य कागद. पुस्तकांत एक प्रसंग आहे. अस्पृश्य गणलेली एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी पडते आणि कोणी हात लावीत नाहीं. आई श्यामला सांगते कीं जा, तिला मोळी उचलूं लाग, आणि घरीं येऊन स्नान कर. ज्या काळांत तो हात लावणेंहि पाप मानीत, त्या काळच्या एका ब्राह्मण गृहिणीनें एवढें म्हणावें ही थोर गोष्ट होती. तरी त्या दयेच्या शेवटीं स्नान आहे, हें विसरून चालणार नाहीं. आईची दया जेथें थांबली तेथें मुलाचें कार्य सुरूं झालें. मोठेपणीं गुरुजींनीं तें स्नानच रद्द करावयास घेतलें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून आधीं कांहीं महिने महाराष्ट्रभर गांवोगांव हिंडून त्यांनीं लोकमत जागें केलें, आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. खुद्द गांधीजींस तें उपोषण प्रथम मान्य नव्हतें. तरी गुरुजी ढळले नाहींत. १० मे रोजीं मंदिर खुलें करण्याचें ठरलें तेव्हांच उपोषण सुटलें. त्याच वर्षीं मुंबई प्रांतानें मंदिर-प्रवेशाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९५० पासून तर राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यताच रद्द झाली.

पुस्तकांतला श्याम मोळीस हात लावून घरीं येतो व स्नान करतो. जीवनांतले गुरुजी मोळी उचलतात आणि ती उचलणाऱ्यास स्नान कां करावें लागतें, असा प्रश्न पंढरपुरास जाऊन विचारतात. आमच्या समाजानें यांपैकीं पहिल्यास उराशीं धरलें व दुसऱ्यास स्मारकाच्या कोनशिलेंत चिणून टाकलें. याचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको. लहान मुलावर प्रेम करण्यास कांहीं द्यावें लागत नाहीं. प्रौढ सुधारक मात्र दाराशीं येऊन उभा राहतो, विहिरीकडे बोट दाखवितो, पंक्तीकडे पाहतो, तराजूकडे पाहतो. तो पाहुणा अवघड. म्हणून त्याला पुन्हां लहान करून आईच्या मांडीवर बसविलें कीं सर्वांचीच सुटका होते.

या सुटकेची परमावधि तर निराळीच आहे. श्यामच्या आईच्या मरणाचा प्रसंग ऐकून रडला नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. परंतु ११ जून १९५० रोजीं त्या आईच्या मुलानें, पन्नास वर्षांच्या वयांत, आपल्या हातानें आपली जीवनयात्रा संपविली, हें किती घरांत सांगितलें जातें? त्यांच्या अंतःकरणांत काय चाललें होतें याचा तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं आणि आम्ही तो करीतहि नाहीं. एवढेंच विचारतों कीं ज्याचें दुःख पुस्तकांत असतांना आम्हांस इतकें आपलें वाटतें, त्याचें दुःख जगांत असतांना आम्हांस दिसलें कां नाहीं? असें दुःख उरांत घेऊन वावरणारीं माणसें आमच्या घरांत, शाळांत, पेढींवर आजहि आहेत. त्यांच्यापाशीं बसून चार शब्द विचारणें हें पुस्तकावर रडण्याहून कठीण आहे, आणि अधिक जरूरीचेंहि आहे.

यावर कोणी म्हणतील, “संपादकमहाशय, वाङ्मयाचा परिणाम हळू होतो. आधीं डोळ्यांत पाणी येतें, मग मन वळतें, मग हात चालतो.” हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. तें पुस्तक वाचून सेवेस लागलेलीं माणसें आम्हांसहि ठाऊक आहेत. चित्रपटवाल्यांनींहि आपली बाजू सावरली आहे; २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं जो नवा ‘श्यामची आई’ काढला त्यांत तुरुंगांतले प्रौढ गुरुजी ओम भुतकर यांनीं उभे केले. २०२४ च्या फेब्रुवारींत मराठी साहित्य-संमेलन अमळनेरास भरलें तेव्हां संमेलननगरीस गुरुजींचेंच नांव होतें. हें सर्व उचितच झालें. परंतु अश्रु हें साधन आहे, साध्य नव्हे. प्रतिज्ञापत्रावर सही करणारा साक्षीदार उलटतपासणींत टिकतो कीं नाहीं यावर त्याची किंमत ठरते. नाटकगृहांतला किंवा चित्रपटगृहांतला अश्रु हें नुसतें प्रतिज्ञापत्र झालें. त्याची उलटतपासणी बाहेर, उजेडांत व्हावयाची असते.

पिंपळनेरकरांची ती उलटतपासणी बाजाराच्या दिवशीं होते. त्या दिवशीं पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यांतून आमचे कोंकणी, भिल्ल व मावची बांधव गांवांत उतरतात. कोणाच्या डोक्यावर नागली असते, कोणाच्या भात, कोणाच्या रानांतला माल. मोळी घेऊन येणारी ती म्हातारी पुस्तकांतच राहिली असें कोणी समजूं नये; ती आमच्या पेठेंत येते. तिच्या डोक्यावरचा भार उतरावयास कोण पुढें होतो? तिच्या मालाचें वजन तिला वाचतां येईल अशा रीतीनें कोण करतो? तिला अरेतुरे न करतां ‘आजी’ म्हणून, ओट्यावर बसवून, ज्या पेल्यानें आपण पाणी पितों त्याच पेल्यानें पाणी कोण देतो? वजनमापांसाठीं कायदा आहे, अस्पृश्यतेविरुद्ध कायदा आहे. पण कायद्याचा हात तराजूच्या दांडीपर्यंत पोंचतो, ती धरणाऱ्याच्या मनापर्यंत पोंचत नाहीं. तेथें पोंचण्यासाठींच गुरुजींनीं आयुष्य वेंचलें.

आमच्या व्यापारीवर्गांत सचोटीनें वागणारे गृहस्थ पुष्कळ आहेत, आणि हें लिहिणें त्यांस लागूं नाहीं. पण ज्यांस तें लागूं पडतें त्यांनींहि रागावूं नये. ज्या गृहस्थास श्यामच्या आईवर रडूं येतें त्याचें अंतःकरण मेलेलें नाहीं हें उघडच आहे. तें फक्त चुकीच्या वेळीं जागें होतें. पडदा उघडला कीं जागें होतें आणि दुकान उघडलें कीं झोंपतें. ही वेळ बदलावी एवढीच आमची विनंति आहे.

शाळाचालकांसहि एक सूचना करावीशी वाटते. २४ डिसेंबर ही गुरुजींची जयंती. त्या दिवशीं मुलांकडून श्यामचे प्रवेश जरूर करवावे. परंतु त्यांबरोबर अमळनेरचा शिक्षक, धुळ्याचा कैदी व पंढरपूरचा उपोषक यांचीहि ओळख मुलांस करून द्यावी. आणि प्रवेश संपून रंग पुसला गेल्यावर मुलांस एक प्रश्न विचारावा: आपल्या गांवांत आज कोणाची मोळी पडली आहे? ज्या शाळेंतलीं मुलें याचें उत्तर शोधावयास बाहेर पडतील, त्या शाळेंत जयंती साजरी झाली असें आम्ही समजूं. बाकी ठिकाणीं नाटक झालें, एवढेंच म्हणतां येईल.