कर्करोगानंतरचे सहजीवन : पहिला प्रश्न कोणी विचारायचा?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेले. केमोथेरपी संपलेली, डोक्यावर पुन्हा केस आलेले. तपासणी संपवून डॉक्टर म्हणतात, ''सर्व ठीक आहे. आणखी काही विचारायचे आहे का?'' चाळिशीतली ती गृहिणी मान हलवून 'नाही' म्हणते. विचारायचे तर खूप असते. पण शेजारी नणंद उभी असते, दाराबाहेर रांग असते आणि प्रश्नासाठी योग्य शब्दच सापडत नाही.

घरी पती कित्येक महिने वेगळ्या अंथरुणावर झोपतो आहे. तिला वाटते, आता आपण त्याला नकोसे झालो. त्याला वाटते, आपल्या स्पर्शाने तिला इजा होईल, कदाचित आजारच उलटेल. दोघेही एकमेकांना जपत असतात आणि जपता जपताच दुरावत जातात.

वास्तविक या दोघांना औषधाची नव्हे, चार वाक्यांच्या माहितीची गरज असते. पण ही गरज डॉक्टरांना कळणार कशी? ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाब यंत्राने मोजता येतो. मनात दडवलेला प्रश्न कशाने मोजायचा?

बदल शरीरात, भीती मनात

कर्करोगाच्या उपचारांचा कामजीवनावर परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. केमोथेरपीमुळे पाळी अकाली बंद होऊ शकते. स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे योनीमार्ग कोरडा पडतो आणि समागम वेदनादायक होतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात किरणोपचारानंतर योनीमार्ग आखडू शकतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत ताठरतेशी संबंधित नसा दुखावल्या, तर त्या सावरायला दोन वर्षांपर्यंतही वेळ लागू शकतो. तोंडाच्या कर्करोगात तर चेहरा आणि बोलणेच बदलते, मग जवळ जाण्याचाही संकोच वाटू लागतो.

यांतील बऱ्याच तक्रारींवर उपाय आहेत. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारी जेली मिळते. आखडलेल्या योनीमार्गासाठी डायलेटर नावाचे साधे साधन असते आणि ते कसे वापरायचे हे डॉक्टर किंवा परिचारिका शिकवू शकतात. मात्र त्यासाठी तक्रार त्यांच्या कानांवर जायला हवी. रुग्णाला वाटते, महत्त्वाचे असते तर डॉक्टरांनीच सांगितले असते. डॉक्टरांना वाटते, त्रास असता तर रुग्णाने विचारले असते. अशा रीतीने दोन्ही बाजू गप्प राहतात.

शून्य गुणांचा अर्थ

कामजीवनातील अडचणी मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. पुरुषांसाठी १९९७ मध्ये १५ प्रश्नांची आणि स्त्रियांसाठी २००० मध्ये १९ प्रश्नांची अशा दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या. जगभर त्या वापरल्या जातात. गेल्या चार आठवड्यांत इच्छा किती होती, वेदना झाल्या का, समाधान मिळाले का, असे त्यांत विचारलेले असते.

पण येथे एक मेख आहे. ज्या स्त्रीचा या चार आठवड्यांत शरीरसंबंधच आला नाही, तिला अनेक प्रश्नांना शून्य गुण मिळतात. ती वेदनेमुळे दूर राहिली की पतीच्या भीतीमुळे, तो परगावी होता की तिलाच नको होते, हे त्या शून्यातून कळत नाही. शरीराचे काय चालले आहे, हे अशा प्रश्नावलीने समजते. माणसाला काय जाणून घ्यायचे आहे, हे मात्र वेगळेच विचारावे लागते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमके हेच केले. 'इन्सिंक' नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली त्यांनी तयार केली आणि स्तनाच्या व प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ती पडताळून पाहिली. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कामजीवनाविषयी कोणती माहिती हवी आहे, हे रुग्णांकडूनच जाणून घेण्याचा त्यामागे हेतू होता.

अशा कागदाचा आणखी एक फायदा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये लैंगिक समस्यांवरील मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी बोलण्याची मुभा, मग थोडी माहिती, नंतर त्या व्यक्तीपुरती नेमकी सूचना आणि सर्वांत शेवटी सखोल उपचार. अनेकांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच भागते. छापील कागदावर हा प्रश्न दिसला की रुग्णाला कळते, असे विचारण्यात काही गैर नाही आणि असे वाटणारे आपण एकटे नाही. मुभा तेथेच मिळते.

मोजमाप कोठे चुकते?

तरीही केवळ कागद हाती दिला म्हणजे काम झाले, असे नाही. आपल्याकडे रुग्ण क्वचितच एकटा दवाखान्यात येतो. फॉर्म भरायला मुलगा किंवा सूनबाई पुढे होते. मुलाच्या हातून आई या प्रश्नांची काय उत्तरे देणार? तेव्हा कागद रुग्णाच्याच हाती जायला हवा आणि वाचता येत नसेल, तर परिचारिकेने आडोशाला बसून प्रश्न विचारायला हवेत.

भाषेचीही अडचण असते. मुंबईच्या परळ भागातील टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. एकाच भाषेतला फॉर्म तेथे कसा पुरेल? आणि अनुवादात पुस्तकी शब्द आले, तर रुग्णाला प्रश्नच कळत नाही, उघडेवाघडे शब्द आले, तर तो कागद मिटून ठेवतो. म्हणून अनुवाद झाल्यावर तो दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करवून ताडून पाहण्याची आणि आधी काही रुग्णांना दाखवण्याची पद्धत आहे.

शिवाय गरज बदलत असते. निदान झाले त्या दिवशी जीव वाचणे एवढेच डोळ्यांपुढे असते. पुढे दिवस सावरले की इतर प्रश्न जागे होतात. म्हणून एकदा 'नको' म्हटलेल्या रुग्णालाही काही महिन्यांनी पुन्हा विचारावे लागते. अपवाद फक्त मूल होण्याच्या प्रश्नाचा. वीर्य किंवा स्त्रीबीज साठवून ठेवायचे असेल, तर ते उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारले पाहिजे. वय झालेल्यांना, अविवाहितांना किंवा विधवांना 'यांना काय करायचे आहे' म्हणून वगळणे तर सर्वस्वी चूक.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'ने, २०१८ मध्ये स्पष्ट सल्ला दिला की, या विषयाची सुरुवात उपचार करणाऱ्यांपैकी कोणीतरी स्वतःहून करावी. पहिला शब्द रुग्णाने उच्चारावा, अशी अपेक्षा धरू नये.

घरी काय करता येईल?

जेथे असा कागद मिळत नाही, तेथे रुग्णाने तो स्वतःच तयार करावा. मनातले दोन-तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावेत. तोंडाने जे निघत नाही, ते लिहून सहज सांगता येते. डॉक्टरांशी बोलायचा संकोच वाटला, तर परिचारिकेला किंवा समुपदेशकाला सांगावे. पाच मिनिटे एकांतात बोलू द्या, असे सोबतच्या नातेवाइकांना सांगण्यातही काही वावगे नाही.

आणि काही उत्तरे तर आजच देता येतात. कर्करोग स्पर्शाने किंवा शरीरसंबंधाने जोडीदाराला होत नाही. संबंध ठेवल्याने तो उलटत नाही. बाहेरून दिलेल्या किरणोपचारानंतर रुग्णाच्या अंगात किरण राहत नाहीत, त्याला जवळ घेतल्याने कोणालाही अपाय होत नाही. केमोथेरपी चालू असताना मात्र गर्भधारणा टाळावी लागते आणि रक्तातील पेशी फार कमी झाल्या असतील, तर संबंध ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

त्या गृहिणीच्या पतीला एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी त्याचे अंथरूण वर्षभर वेगळे राहिले नसते. समागम व्हायलाच हवा असे नाही. कधी कधी हात हातात घेऊन ''मला भीती वाटते'' एवढे म्हटले, तरी पुष्कळ अंतर कमी होते.