शेरा नको, तास द्या

राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात २०२४ साली एक तरतूद आली. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थी पुढच्या वर्गात जाईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल की, पुढे हे विषय त्याला घेता येणार नाहीत. यामागचं कारण, म्हणजे गणितात आपटलेली मुलं शाळेला रामराम ठोकतात, हे खरंच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते, त्यामुळे ही गळती मला कुणी सांगावी लागत नाही. पण वीस गुणांवर अडकलेलं मूल दहावीत तयार होत नाही. ते चौथी-पाचवीतच, आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांदेखत, बसल्या जागी मागे पडतं. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम ३० टक्के मुलांना साधा भागाकार आला. बाकीच्यांना आपण पुढच्या वर्षी सहावीचं पुस्तक देतो.

पाचवीतला माझा एक विद्यार्थी आठवडी बाजारात आईबरोबर भाजी घेऊन बसतो. कोथिंबिरीची जुडी बारा रुपयांना होती, गिऱ्हाइकाने सात घेतल्या. “चौऱ्याऐंशी,” असं म्हणून त्याने शंभराच्या नोटेतून सोळा रुपये परत दिले. कसं केलंस, मी विचारलं. “पाचाचे साठ, दोनाचे चोवीस.” दुसऱ्या दिवशी वर्गात १२ गुणिले ७ करताना त्याने सात दुणे चौदा लिहिले, डावीकडे सात एके सात मांडले आणि उत्तर काढलं ७१४. सात जुड्यांचे सातशे चौदा रुपये कोण देईल, हा प्रश्न त्याला पडला नाही. वहीतल्या आकड्यांचा बाजारातल्या पैशांशी संबंध असतो, हे शाळेने त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

असं फक्त आमच्याच गावात होतं असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांविषयी १९८५ मध्ये हेच लिहिलं गेलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १४०० हून अधिक मुलांचे हिशेब तपासले. तो अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. विक्री करताना तोंडी हिशेब चोख करणारी ही मुलं पाठ्यपुस्तकी उदाहरणांशी अडली, आणि शाळेतल्या ज्या मुलांना ती उदाहरणं बरी जमत होती त्यांना बाजारातला हिशेब झेपला नाही. तरीही ‘गणित मुळात डोक्यातच असावं लागतं’ असं म्हणून आपण हात झटकतो. कोथिंबीर विकणाऱ्या त्या पोराच्या डोक्यात काय कमी आहे?

त्या दिवशी मी त्यालाच फळ्याशी बोलावलं आणि बाजारातली रीत सगळ्यांना सांगायला लावली. मग एक मुलगी म्हणाली, पाच आणि दोन कशाला, बारालाच फोडू. दहाचे सत्तर, दोनाचे चौदा. सत्तराखाली चौदा लिहिल्यावर हातचा कुठून येतो ते त्याला दिसलं. पुस्तकातली रीत तीच आहे, फक्त ती त्यांच्या बोलण्यातून आली. याला तास गेला आणि पाठ मागे राहिला. तो राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

“समजलं का?” या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात “हो बाई” म्हणतो. त्या ‘हो’वर विसंबू नये. आमच्याकडे प्रत्येक जण पाटीवर उत्तर लिहितो, आणि ‘पाटी वर’ म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर येतात. कोण कुठे अडलंय ते एका नजरेत कळतं आणि मागच्या बाकावर दडी मारून बसता येत नाही.

देवळालीच्या शाळेत एके काळी शिकवणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर आमच्या वर्गात फार उपयोगी पडतात. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचता. वजाबाकीचा सराव म्हटलं की तोंड वाकडं करणारी मुलं इथे आपणहून पुढची संख्या मागतात. कच्च्या मुलालाही स्वतःची संख्या असते, आणि तीही तिथेच पोचते. एका मुलीने पाहिलं की प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच येते. तेव्हापासून बेरीज तशी आली नाही की मुलं स्वतःच हातचा तपासतात.

यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागतो, आणि तो आपण भलतीकडे देतो. कित्येक शाळांत शिष्यवृत्तीसाठी हुशार मुलं निवडून त्यांचे जादा तास घेतात. निकाल लागला की शाळेच्या फाटकावर त्यांचे फोटो लागतात. त्या मुलांचं कौतुक व्हावंच. पण ज्यांना वजाबाकी येत नाही त्यांचा जादा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो, आणि पुढे गुणपत्रिकेवरचा शेरा नेमका त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

शिक्षण विभागाने हा शेरा काढून टाकावा आणि मागे पडलेल्या मुलांसाठी पाचवीपासून रोजचा एक तास वेळापत्रकात लिहून द्यावा. पालकांनो, पुढच्या पालकसभेत गुण विचारण्याआधी एवढं विचारा: आमच्या शाळेत जादा तास कुणाला मिळतो?