वघईच्या वाटेवर

पावसाळ्यातील रविवारी सुरतकर घरी थांबत नाही. सकाळी लोचो-खमणाचा समाचार घ्यावयाचा आणि मोटार डांगाच्या रस्त्याला लावावयाची, हा त्याचा नेम. अंबिकेवरचा गिरा धबधबा आणि सापुताऱ्याचा घाट ही ठिकाणे ठरलेली. वाटेतले वांसदा राष्ट्रीय उद्यान मात्र तो काचा वर करून ओलांडतो. आम्हीही एकदा याच गर्दीतून गेलो. गाड्यांची रांग पाहिली, झाडे पाहिली नाहीत, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. दुसऱ्या खेपेस पायी शिरलो.

हे रान पूर्वी वांसद्याच्या संस्थानिकांचे खाजगी. १९५२ पासून त्यात कुऱ्हाड चाललेली नाही असे सांगतात. १९७९ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र अवघे २४ चौरस किलोमीटर. पण सरळसोट साग, हेद, कळंब आणि कटास बांबूची बेटे अशी दाट, की भर दुपारी खाली संधिप्रकाश. गोव्याने राज्यवृक्ष म्हणून गौरविलेली मट्टी येथे सादड या नावाने नांदते. मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून ओळख पटली, तेव्हा परमुलखात गाववाला भेटल्यासारखे वाटले.

असे अस्पर्श रान थोडे का उरले, याचे एक उत्तर समुद्रावर आहे. मुंबईच्या गोदीचे काम करण्यास लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहूनच गेले. जहाजांना सागवान अपुरे पडू लागले आणि १८४२ च्या सुमारास इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले. १९१३ साली सुरू झालेली गायकवाडांची बिलिमोरा-वघई छोटी गाडीही मुख्यतः लाकडासाठीच. डांगचा महावृक्ष रुळांवरून किनाऱ्याकडे गेला. आता किनाऱ्याचा माणूस मोटारीने त्याच्याकडे निघाला आहे.

गर्दीने झाडाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात मारिपोसा नावाची प्रचंड सिकोया वृक्षांची राई आहे. तेथील एका वृक्षाला १८८१ साली बोगदा पाडून त्यातून घोडागाड्या आणि पुढे मोटारी नेल्या. १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने तो कोसळला. या महाकायांची मुळे खोल नसून उथळ पसरतात. वरची माती दडपली की पाणी मुरत नाही. म्हणून २०१५ ते २०१८ राई बंद ठेवून डांबर उखडले, मोटारतळ दूर नेला आणि प्रवाशांसाठी बस ठेवली. अमेरिकेसारख्या मोटारवेड्या देशाने हे केले!

वघईस हे का होऊ नये? छोटी गाडी २०२० साली थांबली, कायमची बंद होणार असेही बोलले गेले. २०२१ साली ती पुन्हा धावली. रेल्वेने तिच्याकडे अडगळ म्हणून न पाहता पर्यटकांची गाडी म्हणून पाहावे. गुजरातच्या वनखात्याने सुटीच्या दिवशी मोटारी रानाबाहेर अडवाव्यात, आत बस चालवावी आणि वाटाड्याचे काम व त्याचा मोबदला तेथील कुकणा, वारली, भिल्ल तरुणांस द्यावा. कुकणा आपले मूळ कोकणात सांगतात. त्यांच्या बोलीत मराठी व गुजराती अशा मिसळल्या आहेत, की डांग कोणाचा हा वाद १९६० पर्यंत रंगला होता. वाघबारसेला लाकडी वाघदेव पूजणारी ही माणसे. मोटारतळाची जागा ठरविताना प्रथम त्यांना विचारावे. कोणत्या झाडाची मुळे कोठवर गेली आहेत, हे त्यांना ठाऊक असते.